एका पौंडाचा कारखाना आणि त्यामागे उरलेला कचरा

कॉर्कला पाहुणे आले की आम्ही त्यांना कोव्हला नेतो. टायटॅनिक शेवटची थांबली ते बंदर, रंगीत घरं, टेकडीवरचं कॅथेड्रल. फोटो काढून झाले की कुणीतरी हमखास विचारतं, "समोर ते हिरवं बेट कुठलं?" ते हॉलबोलिन. आयरिश नौदलाचा तळ तिथेच आहे. पण त्याच्या पूर्वेच्या टोकाला जी बाग दिसते ना, तिच्याखाली पोलाद कारखान्याची मळी आणि राख आहे, थोडीथोडकी नाही, सुमारे ५ लाख टन! आणि या गोष्टीत आपला एक भारतीय धागाही आहे.

आयरिश स्टील हा देशातला एकमेव पोलाद कारखाना १९३९ मध्ये इथे सुरू झाला. पुढे तो सरकारच्या ताब्यात आला आणि वर्षानुवर्षं तोट्यात चालला. १९९६ मध्ये सरकारने तो चक्क एका पौंडाला विकला. घेणारे होते लक्ष्मी मित्तल यांचे इस्पात इंटरनॅशनल. रायगडच्या वाचकांना डोलवीचा इस्पात आठवेल. तो त्यांच्या भावांकडे होता, आता जेएसडब्ल्यूकडे आहे. इथल्या कारखान्याचं नाव झालं आयरिश इस्पात. पाच वर्षांनी, २००१ मध्ये, तो बंद पडला आणि सुमारे ४०० माणसं घरी बसली.

कामगारांचं दुःख पेपरात आलं, पण कचऱ्याचं काय? कारखाना चालू असताना तो सगळा बेटालगतच्या वाळूच्या पट्ट्यावर टाकत गेले होते. ९ हेक्टर जमीन अशी कचऱ्यातूनच तयार झाली. कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर सरकार कोर्टात गेलं: परवान्यातल्या अटींप्रमाणे सफाई कंपनीच्याच पैशातून व्हायला हवी. २००४ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की लिक्विडेटरला हा बोजा नाकारता येतो. झालं! जमीन सरकारची, कचरा सरकारचा आणि बिल करदात्यांचं.

'ज्याने घाण केली त्याने भरावे' हे तत्त्व युरोपच्या कायद्यात मानाने लिहिलेलं आहे. पण भरणारा उरलाच नाही तर काय, हा प्रश्न हॉलबोलिनने अगदी रोखठोक विचारला. मला तरी ही कॉर्क हार्बरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते, टायटॅनिकपेक्षाही.

२००८ मध्ये तिथल्या साफसफाईच्या वेळी हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा बोभाटा झाला. 'एरिन ब्रॉकोविच' सिनेमात पाण्यात सापडतं तेच हे क्रोमियम, कॅन्सरकारक म्हणून ओळखलं जाणारं. काम थांबलं. समोर कोव्हमध्ये लोक घाबरले. आमच्या आरोग्याचा नीट अभ्यास करा, अशी त्यांची मागणी पुढे अनेक वर्षं चालू राहिली. मग युरोपियन कमिशनने डोळे वटारले, दंडाची टांगती तलवार आली आणि २०११ मध्ये सरकारने पैसा मंजूर केला. पर्यावरण संस्थेचा परवाना २०१४ मध्ये मिळाला. बेटासाठी ठरलेला आकडा सुमारे ६ कोटी युरो सांगितला जातो. मंदीतून नुकत्याच वर येणाऱ्या देशात ही रक्कम लहान नव्हती. आपणही इथे कर भरतो, म्हणजे त्यातला एखादा फावडाभर माती आपलीही!

एक गोष्ट गावाकडच्या मंडळींना सांगितली की पटत नाही. कचरा उचलून नेलाच नाही. भरती-ओहोटीचं पाणी आतबाहेर खेळू नये म्हणून कडेने बांधकाम केलं, वर पाणी मुरू न देणारा थर, त्यावर माती, त्यावर गवत. "म्हणजे घाण गादीखाली सरकवली की!" असं माझे सासरे म्हणाले. मी इथल्या एका औषध कंपनीत काम करते, त्यामुळे मला तसं वाटत नाही. ५ लाख टन उकरायचं म्हणजे धूळ उडणार, हजारो ट्रक रिंगास्किडीच्या अरुंद रस्त्यावरून जाणार आणि शेवटी दुसऱ्या कुणाच्या तरी गावात ते पुरणार. भोपाळचा ३३७ टन कचरा २०२५ च्या जानेवारीत पिथमपूरला नेला तेव्हा तिथे केवढा विरोध झाला ते आपण पाहिलंच. झाकलेल्या जागेवर मात्र कायम नजर ठेवावी लागते आणि तो खर्च कधीच संपत नाही.

२०१९ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली. मूळ कारखान्याची जागा वेगळी, ती या बागेत धरलेली नाही. रिंगास्किडीहून पूल ओलांडून जाताना मध्ये रॉकी आयलंड लागतं, तिथे विद्युतदाहिनीसारखं स्मशानगृह आहे. कॉर्कमधल्या हिंदू घरांना ते ठाऊक असतं. त्यापुढे बाग, चालायच्या वाटा, वारा असा की ओढणी सांभाळावी लागते.

सासऱ्यांचा पुढचा प्रश्न होता, "आपल्याकडे हे कोण करणार?" भारतात जुलै २०२५ मध्ये दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम आले. जबाबदार कंपनी शोधायची, तिच्याकडून वसूल करायचं आणि ती सापडली नाही किंवा तिची ऐपत नसेल तर खर्च सरकारने उचलायचा. म्हणजे हॉलबोलिनचाच शेवट कायद्यात लिहून ठेवलाय. आयर्लंडमध्ये आता मोठ्या, धोकादायक कारखान्यांना परवान्यासोबत बंद करतानाच्या सफाईचा आराखडा आणि त्याच्या पैशाची हमी आधीच द्यावी लागते. कारखाना चालू असताना, खिशात पैसे असताना. आमच्याकडेही तो आकडा अधूनमधून पुन्हा मोजतात. मीटिंग कंटाळवाणी असते, पण मी चुकवत नाही.