कॅन्सरच्या गाठीवर प्रकाश आणि आवाजाचा मारा : काय आहेत हे नवे उपचार?

केमोथेरपीत केस का गळतात? कारण शिरेतून दिलेलं औषध रक्तासोबत अख्ख्या शरीरात फिरतं. झपाट्याने वाढणारी पेशी दिसली की ते तिच्यावर तुटून पडतं, मग ती कॅन्सरची असो की केसांच्या मुळाची.

पण औषध शरीरात जाऊन गप्प बसलं आणि डॉक्टरांनी बटण दाबल्यावर फक्त गाठीच्या जागी कामाला लागलं तर? शास्त्रज्ञ नेमकं यावरच काम करत आहेत. हे बटण म्हणजे प्रकाश किंवा आवाज.

प्रकाशाने औषध 'चालू' कसं होतं?

या उपचाराला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात. तिचं मूळ बरंच जुनं आहे. 1900 साली जर्मनीतल्या म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाच्या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, की ठरावीक रंगद्रव्यात ठेवलेले सूक्ष्मजीव उजेडात पटकन मरतात, अंधारात मात्र बराच वेळ तग धरतात.

आज रुग्णाला असंच प्रकाशाला प्रतिसाद देणारं औषध दिलं जातं. ते गाठीत साठलं की बारीक फायबरमधून तिथे लाल लेझर सोडतात. औषध प्रकाशाची ऊर्जा घेऊन आसपासच्या ऑक्सिजनला देतं. हा ऑक्सिजन इतका आक्रमक होतो की पेशी मरते. फोटोफ्रिन या औषधाला 1993 मध्ये कॅनडात आणि 1995 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. 2020 मध्ये जपानने एक पाऊल पुढे टाकलं. कॅन्सरच्या पेशी शोधणाऱ्या अँटीबॉडीला प्रकाशाने चालू होणारा रंग जोडलेलं औषध तिथे डोकं आणि मानेच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं.

मग हे सगळ्यांना का देत नाहीत?

अंधारात तळहाताखाली टॉर्च लावा. बोटं लालसर दिसतात, पण तोच टॉर्च पोटावर लावला तर आरपार काहीच दिसत नाही. लाल प्रकाश शरीरात जेमतेम सेंटीमीटरभर पोहोचतो. त्यामुळे त्वचा, अन्ननलिका, श्वासनलिका अशा दिव्याच्या टप्प्यातल्या जागी हा उपचार चालतो. शरीरभर पसरलेल्या कॅन्सरवर तो चालत नाही.

साइड इफेक्टही आहेत. फोटोफ्रिन घेतल्यावर किमान महिनाभर ऊन टाळावं लागतं, नाहीतर त्वचा भाजते. नेहमीचं सनस्क्रीनही उपयोगाचं नाही, कारण ते अतिनील किरणं अडवतं, दिसणारा प्रकाश नाही.

इथे आवाज कामाला येतो

सोनोग्राफीत वापरतात तशा अल्ट्रासाउंड लहरी शरीरात खोलवर जातात. त्यांनी औषध चालू करण्याची कल्पना जपानी संशोधकांनी 1989 मध्ये मांडली. तिला सोनोडायनॅमिक थेरपी म्हणतात. मेंदूच्या गाठींवर तिच्या चाचण्या सुरू आहेत, पण अजून ती प्रयोगाच्याच टप्प्यात आहे.

हिस्टोट्रिप्सी मात्र वेगळी. यात औषधच नसतं. लहरींमुळे गाठीत सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, फुटतात आणि गाठीचा चुरा करतात. ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने यकृतातल्या गाठींसाठी या यंत्राला परवानगी दिली. त्यात एक महत्त्वाची अट आहे. ही परवानगी गाठ नष्ट करण्यापुरती आहे. कॅन्सर बरा होतो का, रुग्ण जास्त जगतो का, हे एफडीएने तपासलेलं नाही. व्हायरल रील्समध्ये नेमकी हीच ओळ गायब असते.

नॅनोकणांचं काय?

केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पट लहान, सोन्याचा मुलामा दिलेले कण गाठीत पोहोचवायचे आणि लेझरने तापवायचे, हा आणखी एक मार्ग. प्रोस्टेट कॅन्सरच्या 16 रुग्णांवर केलेला असा प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. अडचण आहे ती कण गाठीपर्यंत पोहोचवण्याची. टोरांटोच्या संशोधकांनी 2016 मध्ये दहा वर्षांचे, मुख्यतः प्राण्यांवरचे अभ्यास तपासले. टोचलेल्या कणांपैकी साधारण 0.7 टक्केच गाठीत पोहोचत होते. उरलेले बरेचसे यकृत आणि प्लीहेत अडकतात.

रुग्णांनी काय लक्षात ठेवायचं?

'किमोशिवाय कॅन्सर गायब' असा व्हिडिओ आला तर तीन गोष्टी विचारा. प्रयोग उंदरांवर होता की माणसांवर? कोणत्या कॅन्सरवर, कोणत्या टप्प्यात? मंजुरी नेमकी कशासाठी मिळाली? उत्तरं घेऊन आपल्या कॅन्सरतज्ज्ञांशी बोला. पण तोवर सुरू असलेले उपचार थांबवू नका. नव्या उपचाराच्या आशेत गेलेले महिने गाठीला वाढायला पुरतात.