पुरावा गावातच हरवतो

दूरचित्रवाणीवरील गुन्हेमालिकांनी आपल्या समाजाच्या मनात एक समजूत पक्की करून ठेवली आहे. पांढरा कोट घातलेला डॉक्टर नळीत दोन थेंब टाकतो, संगणकावर आरोपीचे नाव झळकते आणि पोलीस दार तोडून आत शिरतात! न्यायालयात उभे राहणारे आम्ही वकील मात्र जाणतो, की प्रयोगशाळा स्वतःहून काहीच शोधत नाही. नागपुरात धंतोलीला शासनाची प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. तेथे मुद्देमाल येतो तो एखाद्या पोलीस शिपायाच्या हातून, सीलबंद पुडक्यात, ठाणेदाराच्या पत्रासह. त्या पत्रात जो प्रश्न विचारला असेल त्याचेच उत्तर 'सीए रिपोर्ट' म्हणून परत जाते. जो विचारलाच नाही त्याचे उत्तर कोण देणार? दलित अत्याचाराच्या प्रकरणांत नेमकी येथेच गोम आहे.

या शास्त्राचा पाया अगदी साधा आहे. फ्रान्समधील लियोन शहरात १९१० साली एडमाँ लोकार याने पोलिसांसाठी प्रयोगशाळा उभी केली. दोन वस्तूंचा स्पर्श झाला की एकीचे काही ना काही दुसरीवर राहते, हे त्याचे सूत्र. मारणाऱ्याच्या सदऱ्यावर मरणाऱ्याचे रक्त उडते, मरणाऱ्याच्या नखात मारणाऱ्याची कातडी राहते. १९८४ साली इंग्लंडमध्ये अॅलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत शोधली. दोन मुलींच्या खुनाच्या तपासात ती वापरली तेव्हा आधी सुटका झाली ती एका निरपराध तरुणाची, ज्याने पोलिसांपुढे चक्क कबुली दिली होती! खरा गुन्हेगार त्यानंतर सापडला आणि १९८८ साली त्याला शिक्षा झाली. पोलिसी कबुलीची किंमत काय असते, हे यावरून वाचकांनी ओळखावे.

अर्थात विज्ञान कोणाच्या हातात आहे यावर सारे अवलंबून असते. बोटांच्या ठशांचा ब्यूरो १८९७ साली कलकत्त्यात सुरू झाला. ठशांच्या वर्गीकरणाचे मोठे काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी माणसांचे, नाव मात्र एडवर्ड हेन्री या साहेबाचे झाले. आणि हेच ठसे पुढे १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अख्ख्या जमातींची नोंद ठेवायला वापरले गेले. म्हणजे गुन्हा घडण्याआधीच माणसाचा ठसा सरकारदरबारी जमा! आपल्या पारधी बांधवांना हे वेगळे सांगायला नको.

आता खैरलांजीकडे येऊ. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन या चौघांची गावच्या जमावाने हत्या केली आणि मृतदेह कालव्यात फेकले. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. आम्ही या प्रकरणाकडे पुन्हा पुन्हा वळतो ते केवळ दुःखापोटी नव्हे. पुरावा कसा मारला जातो याचा हा धडाच आहे. मायलेकींच्या देहांची जी विटंबना झाली होती ती पाहता लैंगिक अत्याचाराची शंका पहिल्याच दिवशी यायला हवी होती आणि स्रावाचे नमुने, नखांतील कण, अंगावरील चाव्याच्या वा ओरखड्याच्या खुणा त्या दृष्टीने तपासायला हव्या होत्या. पहिल्या शवविच्छेदनात ही तपासणी व्हावी तशी झाली नाही. पुरलेले देह पुढे उकरून दुसरी तपासणी झाली, पण आधी पाण्यात भिजलेल्या आणि नंतर मातीत कुजलेल्या देहात काय शिल्लक राहणार? बलात्काराचे कलम आरोपपत्रात आलेच नाही.

लक्षात घ्या, बलात्काराच्या आरोपीची वैद्यकीय तपासणी करून त्याचे डीएनए नमुने घेण्याची तरतूद असलेले फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ५३ अ हे २३ जून २००६ पासून लागू झाले होते. कायदा जागेवर होता. खैरलांजी त्यानंतर तीन महिन्यांनी घडले. पोलीस अधिकारी आणि डॉक्टर निलंबित झाले, तपास सीबीआयकडे गेला, पण गेलेला पुरावा निलंबनाने परत येत नसतो. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरून सहा जणांना फाशी सुनावली. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तिचे रूपांतर २५ वर्षांच्या कारावासात केले. अॅट्रॉसिटी कायदा दोन्ही ठिकाणी लागला नाही. भैयालाल जानेवारी २०१७ मध्ये नागपुरातच गेले.

हाच प्रकार १४ वर्षांनी उत्तर प्रदेशात हाथरसला झाला. १४ सप्टेंबर २०२० रोजी वाल्मीकी समाजाच्या मुलीवर अत्याचार झाला आणि प्रयोगशाळेकडे गेलेले नमुने घेतले गेले ते कित्येक दिवसांनी. वीर्य सापडले नाही असा अहवाल आला, तो हातात धरून पोलिसांचा वरिष्ठ अधिकारी 'बलात्कार झालाच नाही' असे सांगून मोकळा! उशिरा घेतलेल्या नमुन्यात काही न सापडणे म्हणजे गुन्हा न घडणे, हे कोणत्या शास्त्रात बसते? सीबीआयने पुढे बलात्काराचे आरोपपत्र दाखल केले खरे, पण मार्च २०२३ मध्ये तिघे सुटले आणि उरलेल्या एकालाही शिक्षा झाली ती बलात्काराची नव्हे.

कोणी म्हणेल, साक्षीदार असतातच की! गावात साक्षीदार कोण असतो? आरोपीच्या शेतात मजुरीला जाणारा, त्याच्याच दुकानातून उधारीवर सामान आणणारा. २८ एप्रिल २०१४ रोजी नगर जिल्ह्यातील खर्ड्यात नितीन आगेची हत्या झाली, नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. पंचही बहुधा त्याच गावचे, त्याच भावकीचे. म्हणून रक्ताचा डाग आपल्याला इतरांपेक्षा जास्त हवा आहे. त्याला गावात राहायचे नसते.

पण तो डाग टिकवावा लागतो. एका ग्रामीण ठाण्यात रक्ताने भिजलेले कपडे ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले आम्ही पाहिले आहेत. ओलाव्यात जंतू वाढतात, डीएनए नष्ट होतो. कपडे सावलीत वाळवून कागदात बांधायचे असतात, प्रत्येक कपडा वेगळा. सील मोडलेले असले किंवा मुद्देमाल मालखान्यात कितीएक दिवस कुठे होता याची नोंद नसली, की बचावाच्या वकिलाला आणखी काय हवे?

१ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७६ (३) ने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक केले, राज्यांना अंमलबजावणीसाठी पाच वर्षांची मुदत देऊन. कलम १०५ ने झडती-जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले. स्वागतच आहे. परंतु अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ (१) मधील गुन्ह्यांना कमाल शिक्षा पाच वर्षांची! म्हणजे ठाणेदाराने एफआयआरमध्ये फक्त ३ (१) आणि किरकोळ मारहाणीची कलमे लिहिली, तर तज्ज्ञ येण्याचे बंधनच उरत नाही. कलम कोणते लागते यावर पुरावा गोळा होणार की नाही हे ठरणार आहे. म्हणून एफआयआर लिहिली जात असतानाच कार्यकर्त्याने ठाण्यात हजर असले पाहिजे. दुसऱ्या दिवशी मोर्चा काढा, पहिल्या रात्री ठाण्यात बसा.

हे आग्रहाने होते याचा दाखला परभणीने दिला. १५ डिसेंबर २०२४ रोजी विधी शाखेचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. न्यायवैद्यक सोयी असलेल्या ठिकाणी तज्ज्ञांकडून शवविच्छेदन व्हावे, ही मागणी चळवळीने लावून धरली. ते छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झाले आणि अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे मृत्यूचे कारण कागदावर आले. विधानसभेत श्वसनाचा आजार सांगितला गेला, पण कागद होता. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

तेव्हा घटना कळताच चळवळीच्या माणसांनी आधी जागेवर कोणाला चालू देऊ नये, धुऊ देऊ नये. पोलिसांची वाट पाहत असताना मोबाईलवर लांबून चित्रीकरण करावे, वस्तूला हात न लावता. स्त्रीचा मृतदेह असेल तर लैंगिक अत्याचाराच्या दृष्टीने नमुने घ्यावेत असा लेखी अर्ज शवविच्छेदनाआधी डॉक्टरला आणि तपास अधिकाऱ्याला द्यावा, पोच घ्यावी. पाण्यातून काढलेला देह असेल तर डायटम तपासणी मागावी. माणूस जिवंत पाण्यात पडला की मेल्यावर टाकला, हे ठरवायला पाण्यातील सूक्ष्म शेवाळाची ती तपासणी कामी येते. पुरावा नष्ट करणाऱ्यासाठी अॅट्रॉसिटी कायद्यातच कलम ३ (२) (६) आहे आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी कलम ४ आहे, तेही अर्जात लिहावे. देह ताब्यात घेण्यापूर्वी नमुने काढले का, कोणते काढले, हे विचारावे. आणि मुद्देमाल प्रयोगशाळेकडे कोणत्या तारखेला, कोणत्या शिपायाबरोबर गेला, त्या पत्राचा जावक क्रमांक वहीत उतरवून घ्यावा.