सरकत्या सुराची साधना

गिटार म्हटली की गळ्यात पट्टा अडकवून उभा राहिलेला वादक आपल्या डोळ्यांसमोर येतो. मी जी गिटार शिकतो आहे ती मात्र मांडीवर आडवी ठेवून वाजवतात. तिच्या तारांवर बोटे न दाबता पोलादी कांडी सरकवायची असते. वादक तिला नुसते 'बार' म्हणतात. वाद्याचे नाव रेझोनेटर गिटार.

तारांवर पोलाद सरकवण्याची ही रीत मूळची हवाई बेटांतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू याने ती रूढ केली असे मानतात. पुढे वाद्यवृंदात गिटारचा आवाज बुडू लागला. विजेवरची गिटार तेव्हा प्रचारात यायची होती. १९२७ च्या सुमारास अमेरिकेत जॉन डोपिएरा या कारागिराने घोडीखाली पातळ ॲल्युमिनियमचे शंकू बसवले. तारेचे कंपन घोडीतून शंकूत उतरते आणि ध्वनिक्षेपकाप्रमाणे तो शंकू आवाज मोठा करतो. रेझोनेटरची सारी किमया एवढीच.

मांडीवरची गिटार आपल्यालाही परकी नाही. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर रागसंगीत वाजवले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत ती ऐकावयास मिळते. आपली विचित्र वीणाही तारांवर काचेचा गोळा फिरवूनच वाजते.

आता वादनाकडे वळू. पहिला धडा असा की, बार दाबायचा नाही. दाबला तर तार ताणते आणि सूर चढतो. बारचे स्वतःचे वजन पुरेसे असते. दुसरा, साध्या गिटारवर बोट पडद्याच्या अलीकडे ठेवतात. इथे बार पडद्याच्या थेट वर, त्याला समांतर धरायचा. तिसरा धडा सर्वांत अवघड. बारच्या मागे उरलेली बोटे तारांवर हलकेच टेकवायची, नाहीतर तारेचा मागचा तुकडाही गुणगुणत राहतो. सूर सरकवणे आठवड्यात जमले. नको तो आवाज थांबवायला मला तीन महिने लागले.

एवढे जमल्यावर मी एका गाणाऱ्या वर्गमित्राला वाजवून दाखवले. गिटार 'सा ग प सा ग प' अशी तंबोऱ्याला मिळवली होती. सा च्या तारेवर रिषभावरून गंधारापर्यंत मींड घेतली, तोच तो म्हणाला, "गंधार चढा लागतोय."

"अरे, बघ ना! बार बरोबर चौथ्या पडद्यावर आहे."

"मग पडदाच चढा आहे!"

मला राग आला. पण खरे तेच होते. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा गंधार त्याहून किंचित उतरा, अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने खाली असतो. साडेत्रेसष्ट सेंटिमीटर लांबीच्या तारेवर हे अंतर सुमारे चार मिलिमीटर भरते. बार तेवढा मागे घेतला आणि गंधार तंबोऱ्यात विरघळून गेला.

बोटाने दाबून वाजवणाऱ्याचा सूर पडदा ठरवतो. आमच्या वाद्यावर पडदा फक्त घराची खूण सांगतो. आत कुठे बसायचे ते कानालाच ठरवावे लागते. त्या दिवसापासून सरावातला शेवटचा अर्धा तास मी डोळे मिटून वाजवतो. चुका पुष्कळ होतात, पण आता त्या मला ऐकू येतात.