रात्रीच्या वाटेवर दिसणे

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे यांच्या बाजारासाठी तिची ख्याती दूरवर आहे. रस्त्याचा विचार करणाऱ्यास मात्र तिची तिथी अधिक बोलकी वाटावी. अमावास्या तोंडावर, म्हणजे चंद्राची आशा नाही. थंडीचे दिवस, म्हणून पहाटे ओढ्यांच्या काठी धुके. आणि नेमका त्याच वेळी उसाचा हंगाम ऐन भरात. लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड या मार्गाने जाणाऱ्या ३६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर मग सारेच एकत्र येतात: यात्रेकरू, जनावरे, उसाच्या गाड्या आणि त्यांतून वेगाने वाट काढणाऱ्या मोटारी. अलीकडे रस्ता रुंद झाला, मोटारीचा वेग वाढला. बैलाची चाल मात्र आहे तीच राहिली.

अंधारात चालणाऱ्याची एक समजूत फार घातक आहे. ज्याअर्थी समोरून येणारी मोटार मला इतक्या लांबून दिसते, त्याअर्थी मीही तिच्या चालकास दिसत असलोच पाहिजे, असे तो धरून चालतो. वस्तुस्थिती निराळी आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात १६ ते १७ मीटर अंतर तोडते. संकट ध्यानी येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध चालकाचाही सेकंद-दीड सेकंद जातो. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबण्यास आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. म्हणजे सुमारे पन्नास मीटर झाले. रस्ता ओला असल्यास याहूनही अधिक. आता दिव्याचा झोत खाली केलेला असताना काळ्या कपड्यांतील माणूस साधारणतः तीसएक मीटरांवरच ओळखू येतो. उरलेल्या वीस मीटरांचा हिशेब कोणी चुकवावयाचा, हे वाचकांनीच पाहावे.

चांदणेही फसवते. आश्विन पौर्णिमेस तुळजापुरास रात्रभर पायी जाणाऱ्या भाविकांस वाट स्वच्छ दिसते, कारण अर्ध्या तासात त्यांचे डोळे अंधारास सरावलेले असतात. मोटारचालकाचे डोळे आपल्याच दिव्याच्या उजेडात असल्यामुळे त्या चांदण्याचा त्यास काडीइतका उपयोग नाही. तो चालक वयस्कर असला तर पाहणेच नको. साठीच्या माणसाच्या डोळ्यांत पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या तरुणाच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच असतो. घरातील वडील मंडळींनी रात्री गाडी चालविण्याचा आग्रह धरल्यास ही गोष्ट त्यांस नम्रपणे, पण अवश्य सांगावी.

यावर बाजारात स्वस्त उपाय मिळतो. त्यास आपल्याकडे सर्वत्र 'रेडियम' म्हणतात. हे नाव चुकीचे आहे, आणि चुकीच्या नावातून चुकीची समजूतही उत्पन्न झाली आहे. मादाम क्यूरीच्या रेडियमशी या पट्टीचा काही संबंध नाही; ती स्वतः तिळभरही प्रकाशत नाही. तिच्यात बारीक काचमणी किंवा लोलक बसविलेले असतात आणि ज्या दिशेने उजेड आला त्याच दिशेस ते तो परत धाडतात. इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात पर्सी शॉ या गृहस्थाने १९३४ साली रस्त्यात बसविण्याच्या 'मांजराच्या डोळ्यां'चे पेटंट घेतले, त्यामागे हेच तत्त्व होते. अशी पट्टी शंभर मीटरांच्याही पलीकडून चमकते. मात्र तिच्यावर उजेड पडला पाहिजे आणि ती उघडी असली पाहिजे. उसाच्या गाडीचे घोडे येथेच अडते.

ट्रॉलीच्या मागील बाजूस तांबडे परावर्तक असावेत, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट आहे. ते लावलेले असतातही. परंतु ऊस फाळक्याबाहेर हात-दोन हात लोंबत असतो आणि त्याच्या वाढ्यांआड दिवा व पट्टी दोन्ही झाकली जातात. एका ट्रॅक्टरामागे दोन ट्रॉल्या जोडल्या म्हणजे पुढच्या इंजिनाचा उजेड मागच्यास कळतच नाही. टायरगाडीची स्थिती याहून बिकट. पूर्वी बैलगाडीच्या साट्याखाली कंदील टांगलेला असे; तो मिणमिणता का होईना, हलता असे आणि हलणारी वस्तू डोळ्यास आधी जाणवते. तो गेला, त्याच्या जागी काही आले नाही. टायर फुटून ट्रॉली रस्त्यात उभी राहिली, की तिच्याभोवती दगड मांडतात. ट्रॉली निघून जाते, दगड तेथेच राहतात! यास काय म्हणावे, आम्हांस समजत नाही.

लातुरात शिकवण्यांसाठी राहिलेली मुले सायंकाळनंतर सायकलींवरून खोलीवर परततात. पालकांनी फीच्या हप्त्याबरोबर एक तांबडा मागचा दिवा व पाठपिशवीवर लावण्यास हातभर पट्टी अवश्य धाडावी. पांढरा सदरा काळोखात उपयोगी पडतो, धुक्यात तो धुक्यातच मिसळून जातो. तेथे दिवाच हवा. मोटारवाल्याने धुक्यात झोत वर करू नये. जलकणांवरून उलटलेला उजेड त्याच्याच डोळ्यांवर येतो. पदपथ नसेल तेथे पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावे. दिंडीत शेवटच्या माणसाच्या हाती तांबडा दिवा द्यावा.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांची शेती मांजरेच्या किंवा गोदावरीच्या खोऱ्यात आहे. स्वतः ते शहरात राहत असले तरी त्यांचा ऊस रात्री-अपरात्री कारखान्यास जातच असतो. तोडीची चिठ्ठी आली म्हणजे मुकादमाशी उचल, वजन यांविषयी बोलणे होते. त्याच वेळी गाडीच्या पाठीमागील दिव्याविषयीही विचारावे. टोळीतील गाडीवान आपल्या बायकामुलांसह त्याच गाडीवर बसलेला असतो, हे विसरू नये. पट्टी फाळक्यावर चिकटवून भागत नाही. कापडावर शिवलेली पट्टी सर्वांत बाहेर आलेल्या मोळीस बांधून लोंबती सोडावी. जोडीस दोन सेलांचा लुकलुकणारा तांबडा दिवा असल्यास उत्तम. काळ्या रानातून निघताना चाकांचा चिखल उडून पट्टी माखते, तेव्हा डांबरी रस्त्यास लागण्यापूर्वी ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.