मदात्ययाच्या रुग्णास सभेचा आधार

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मदात्ययास स्वतंत्र अध्याय (२४) दिलेला आहे. मद्य सोडल्यावर पुन्हा एकाएकी अतिपान करणाऱ्यास होणाऱ्या ध्वंसक व विक्षय या व्याधींचे वर्णनही तेथे आढळते. व्यसन परत उलटते, हे आचार्यांस ठाऊक होते.

आपल्या जिल्ह्यात राळेगणसिद्धीने १९७५ नंतर ग्रामशक्तीने दारूबंदी घडविली. मद्यप्यांस खांबाला बांधून मारण्याचे प्रकारही तेथे झाले. अशाने गावातील दारू बंद होते, परंतु मनातील ओढ शमण्यास समदुःखी माणसांची संगत लागते, असे आम्हांस वाटते. १९३५ साली अमेरिकेत बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यप्यांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संघटना उभी राहिली, ती याच तत्त्वावर. तिच्या सभेस शुल्क नाही, आडनाव सांगावे लागत नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या सभा असतात.

वैद्यांनी केवळ पत्ता लिहून देऊ नये. संघटनेकडे किंवा पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राकडे (स्थापना १९८६) चौकशी करून जवळच्या सभेचे स्थळ व वेळ निश्चित करावी. शक्य तर जुन्या सभासदासच रुग्णास सोबत नेण्याची विनंती करावी.

मात्र नित्य अतिपान करणाऱ्याने अचानक दारू सोडल्यास कंप, आक्षेप व भ्रम उद्भवून प्राणावर बेतू शकते. अशा रुग्णास प्रथम रुग्णालयात पाठवावे, सभा त्यानंतर. आणि तो पुन्हा प्याला, तरी आपण दार लावू नये. त्यास पुढच्या सभेचा वार सांगावा.