डासाला औषध का लागू पडेना?

गावात फवारणीचा पंप आला की एक वाक्य हमखास कानावर येतं : "औषध नुसतं पाणी आहे, डास मरतच नाही." औषधात भेसळ आहे असं म्हणून आपण मोकळे होतो. कधी ते खरंही असेल. पण पुष्कळदा औषध चांगलं असतं, डासच बदललेला असतो. सभासद बंधूंना हे समजायला जड जाऊ नये. एकच औषध चार-पाच हंगाम मारलं की कीड त्याला दाद देत नाही, हा अनुभव प्रत्येकाच्या गाठीला आहे.

आपल्याकडे हिवतापाविरुद्ध १९५३ पासून देशभर घराच्या भिंतींवर डी.डी.टी. मारायला सुरुवात झाली. १९६५ च्या सुमारास वर्षाचे रुग्ण १ लाखावर आले. हिवताप गेलाच असं वाटलं. १९७६ साली तोच आकडा ६४ लाखांवर गेला! कामातली ढिलाई, पैशांची ओढाताण ही कारणं होतीच. फवारलेली भिंत आठ दिवसांत शेणामातीनं सारवणारे आपणही होतो. पण गुजरातेत पंचमहालात डी.डी.टी.ला न जुमानणारे डास १९५९ सालीच आढळले होते. हजारांत एखादा डास जन्मतःच असा असतो की औषध त्याच्या अंगात गेल्यावर मोडून निकामी होतं. बाकीचे मरतात, तो उरतो आणि पुढं त्याचीच पिलावळ वाढते.

मग नवीन औषध का काढत नाहीत? शेतीच्या औषधाला गिऱ्हाईक आहे, डासाच्या औषधाचं गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक गरीब देशांची सरकारं. शिवाय ते भिंतीवर महिनोन्‌महिने टिकलं पाहिजे आणि खाली रांगणाऱ्या पोराला बाधता कामा नये. म्हणून मच्छरदाणीवर वर्षानुवर्षं पायरेथ्रॉइड हा एकच वर्ग वापरला गेला आणि त्यालाही डास सरावले.

२००५ साली इंग्लंडात लिव्हरपूल येथे खास या कामासाठी संस्था उभी राहिली. शेती-औषधांच्या कंपन्यांकडे पडून असलेली लाखो रसायनं डासांसाठी तपासली गेली. त्यातून पुढं आलेली दोन नावं आपल्या ओळखीची निघतील. क्लोथियानिडिन आपण उसात वाळवीसाठी वापरतो. भिंतीवरच्या फवारणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला २०१७ साली मान्यता दिली. दुसरं क्लोरफेनापीर, कोबी-मिरचीवरचं. याची गंमत अशी की ते मुळात फारसं विषारी नसतं. डासाच्या अंगातला जो पाचक रस जुनं औषध मोडतो, तोच याचं विष तयार करतो आणि डासाच्या पेशींना शक्तीच मिळेनाशी होते. चोराला त्याच्याच किल्लीनं कोंडावं, तसं! टांझानियात दोन वर्षं पाहिलं, तेव्हा साध्या औषधी मच्छरदाणीपेक्षा या मच्छरदाणीच्या गावांत मुलांचा हिवताप सुमारे ४४ टक्क्यांनी कमी आढळला. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केली.

मात्र ही दोन्ही औषधं सावकाश मारतात. डास तिथल्या तिथं पडत नाही, दोन-तीन दिवस घेतो. तेव्हा लगेच "पाणी आहे" म्हणू नये. आणि नाव तेच म्हणून शेतातली बाटली घरात फवारण्याचा शहाणपणा कुणी करू नये. भिंतीचं औषध वेगळं बनवलेलं असतं, त्याचं प्रमाणही वेगळं.

आता काळजीची गोष्ट. आफ्रिकेत कॅमेरूनमध्ये याउंदे शहराच्या आसपासच्या शेतीभागात हिवतापाच्या डासांत क्लोथियानिडिनला न जुमानणारे आत्ताच सापडले आहेत. तिथं भिंतीवर ते औषध अजून मारलंच नव्हतं. त्याच जातीची औषधं भाजीपाल्यावर मारली जात होती. ती रानातल्या डबक्यांत उतरली आणि डासाच्या अळ्या त्याच पाण्यात वाढल्या, असं संशोधकांचं म्हणणं आहे. आपल्या उसाच्या सरीत आणि चारीतही पाणी साचतंच. वाळवीसाठी औषध सोडताना शिफारशीपेक्षा जास्त सोडू नये आणि उरलेलं पाटात ओतू नये, ते एवढ्यासाठी.