पहिला कोणाला घेणार?

ऑस्ट्रेलियात दर वर्षी नोव्हेंबरमध्ये अठरा वर्षांच्या मुलांचे नंबर लागतात, तेही टीव्हीवर लाइव्ह. त्याआधी वेग, उडी, दम, स्वभाव सगळं तपासलं जातं. तरीही अंदाज चुकतात. असं का होतं?

सोसायटीच्या मागच्या मैदानात टीम पाडायचो, तो सीन आठवतोय? दोन कॅप्टन समोरासमोर. टॉस होणार, मग आळीपाळीने एकेक नाव. फास्ट टाकणारा पहिला जायचा. ज्याची बॅट असायची तो दुसरा, कारण इलाज नसायचा. मग मधली गर्दी. आणि सगळ्यात शेवटी चपलेने माती उकरत उभा असायचा तो आमचा लिंबूटिंबू. त्या दोन मिनिटांत पोटात जो गोळा यायचा ना, तो दहावी-बारावीच्या रिझल्टलाही आला नसेल.

आता कल्पना करा, हाच खेळ अख्ख्या देशासमोर चाललाय. कॅप्टनच्या जागी अठरा व्यावसायिक क्लब. तुम्ही नुकतीच बारावीची परीक्षा दिलीय. आई, बाबा, आज्जी सोफ्यावर बसलेत, टीव्ही चालू आहे आणि तुमचं नाव येतंय का याची सगळे वाट बघताहेत. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या, म्हणजे एएफएलच्या ड्राफ्टची रात्र ही अशी असते.

आधी खेळ समजून घेऊ

मेलबर्नचं एमसीजी आपल्याला क्रिकेटमुळे तोंडपाठ. पण तिथल्या लोकांना विचारलंत, तर ते आधी ‘फूटी’चं मैदान म्हणतील. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, प्रत्येक बाजूला १८ खेळाडू. चेंडू हातात धरून पळता येतं, लाथेने लांब मारता येतो, पण फेकता येत नाही. पास द्यायचा तर एका हातावर चेंडू ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला की ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १.

यात उंच माणूस लागतो, कारण चेंडू हवेतून येतो. ठेंगणा, चपळ माणूसही लागतो, कारण तो जमिनीवर पडला की पायांच्या गर्दीतून काढावा लागतो. अ‍ॅथलीटसारखा पळणारा लागतो, कारण मधल्या फळीतला खेळाडू एका मॅचमध्ये बारा-तेरा किलोमीटर सहज पळतो. म्हणजे ‘चांगला खेळाडू’ दिसतो कसा, याचं एकच एक उत्तर नाही. निवडणाऱ्यांची अर्धी डोकेदुखी इथेच सुरू होते.

लिलाव नाही, पाळी

आयपीएलमध्ये ज्याच्या खिशात पैसे, त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये पैशांची बोली नसते, पाळी असते. आदल्या मोसमात जो संघ तळाला राहिला, त्याला पहिली निवड, आणि विजेत्याचा नंबर शेवटी. क्लब आपली पाळी दुसऱ्याला देऊन बदल्यात खेळाडू घेऊ शकतात, पण मूळ तत्त्व हेच. १९८६पासून ही पद्धत सुरू आहे. हेतू सरळ आहे: श्रीमंत क्लबांनी सगळी चांगली पोरं उचलू नयेत, कमजोर संघाला वर यायची संधी मिळावी.

पात्र व्हायला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत १८ वर्षं पूर्ण होणं गरजेचं. थोडे मोठे खेळाडूही नाव देऊ शकतात, पण मुख्य गर्दी बारावीतल्या पोरांची. मुख्य ड्राफ्टमधून साधारण साठ-सत्तर जणांना क्लब मिळतो. बाकीच्यांसाठी त्या रात्री टीव्ही नुसताच बंद होतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मुलाला क्लब निवडता येत नाही. पर्थच्या मुलाचं नाव मेलबर्नच्या क्लबने घेतलं, तर बॅग भरायची आणि निघायचं. अंतर जवळजवळ काश्मीर ते कन्याकुमारीएवढं. वय अठरा. म्हणून मुलाखतीत क्लब हमखास विचारतात, ‘घर सोडून राहशील ना?’ हॉस्टेलच्या पहिल्या महिन्यात बाथरूममध्ये जाऊन रडलेल्यांना या प्रश्नाचं वजन कळेल.

मोजता येतं ते

ड्राफ्टच्या महिनाभर आधी ‘कंबाइन’ नावाची चाचणी असते. निवडक मुलांना बोलावतात आणि सगळं मोजतात. २० मीटरची धाव: इथे २.९ सेकंद आणि ३.१ सेकंद यांत जमीन-अस्मानाचा फरक मानतात. जागेवरून उडी, पळत येऊन उडी. खांबांमधून वळणं घेत पळणं. दम मोजायचे प्रकार बदलत गेले: पूर्वी बीप टेस्ट, मग भारतीय क्रिकेटमुळे आपल्यालाही माहीत असलेली यो-यो, मग दोन किलोमीटरची धाव. शिवाय किकची अचूकता, वैद्यकीय तपासणी आणि क्लबांच्या मुलाखती. २००८मध्ये निक नायटानुई नावाच्या दोन मीटर उंच पोराने पळत येऊन १०२ सेंटिमीटर उडी मारली आणि अजूनही तिचे किस्से सांगतात. तो दुसऱ्या नंबरवर गेला.

पण क्लबांचे रिक्रूटर फक्त स्टॉपवॉच घेऊन बसत नाहीत. अठरा वर्षांखालच्या राज्यांच्या स्पर्धा, शाळांच्या मॅचेस, गावाकडची मैदानं, थंडी-पावसात ते वर्षभर फिरत असतात. चेंडू जवळ नसताना पोरगा काय करतो? संघ हरत असताना त्याचे खांदे पडतात का? उलट्या पायाने किक मारायची वेळ आली तर गडबडतो का? मग कोचला फोन, शिक्षकांना फोन, घरी जाऊन आई-वडिलांशी गप्पा. आपल्याकडे लग्न ठरवताना जेवढी चौकशी होते, साधारण तेवढी.

याच सुमारास पेपरांमध्ये ‘फँटम ड्राफ्ट’ सुरू होतात, म्हणजे कोण कितव्या नंबरवर जाईल याचे अंदाज. पोरं बिचारी परीक्षेचा अभ्यास करायचा सोडून स्वतःचा नंबर शोधत बसत असतील. आपण नाही का, कट-ऑफ लागायच्या आधी सतरा ठिकाणचे अंदाज वाचतो?

एक फायनल, तीन नंबर

एवढं मोजूनमापून काय हाती लागतं? यासाठी एकच मॅच बघू. १ ऑक्टोबर २०१६, एमसीजी, जवळपास लाखभर प्रेक्षक. वेस्टर्न बुलडॉग्जने सिडनी स्वान्सला ८९-६७ असं हरवलं. १९५४नंतर पहिल्यांदाच हा क्लब विजेता झाला होता. त्या संघातली तीन पोरं बघा.

पहिला टॉम बॉइड. २०१३च्या ड्राफ्टमधला नंबर एक. दोन मीटरचा धिप्पाड फॉरवर्ड, मेलबर्नचा मुलगा. ग्रेटर वेस्टर्न सिडनीने त्याला उचललं. पहिल्या मोसमात तो ९ मॅचेस खेळला आणि लगेच मेलबर्नला, बुलडॉग्जकडे परतला. बदल्यात बुलडॉग्जने आपला कॅप्टन दिला. करार सात वर्षांचा आणि तेव्हाच्या बातम्यांनुसार सुमारे ७० लाख डॉलरचा. वय १९. पुढची दोन वर्षं त्याच्या प्रत्येक चुकीला लोक त्या आकड्याने गुणत राहिले. फायनलमध्ये मात्र त्याने तीन गोल मारले, त्यातला शेवटचा तर लांबून, कायम लक्षात राहील असा.

दुसरा केलेब डॅनियल. उंची १६८ सेंटिमीटर, डोक्याला हेल्मेट. २०१४मध्ये राज्यांच्या अठरा वर्षांखालील स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडूचं लार्क मेडल यानेच जिंकलं होतं. म्हणजे वर्गात पहिला! पण ड्राफ्टमध्ये त्याचा नंबर लागला ४६वा. चेंडू कसा वापरावा हे त्याला कळतं, याबद्दल शंका नव्हती. शंका होती ती मोजपट्टीची. फायनल खेळला तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता, आणि २०२०मध्ये त्याची निवड वर्षाच्या सर्वोत्तम संघात, ‘ऑल-ऑस्ट्रेलियन’मध्ये झाली.

तिसरा जेसन जोहानिसन. मुख्य ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नव्हतं. तो आला रुकी ड्राफ्टमधून, म्हणजे उरलेल्यांच्या यादीतून. फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ मेडल त्या दिवशी त्याच्या गळ्यात पडलं.

नंबर एक, नंबर ४६ आणि नंबरच नसलेला. तिघांना मेडल सारखंच मिळालं.

मग नंबर खोटे का?

इथे ‘मार्कांनी काही ठरत नाही रे’ असं म्हणून टाळ्या घेणं सोपं आहे. पण ते खरं नाही. सरासरी काढली, तर पहिल्या दहात निवडलेली मुलं शेवटच्या दहातल्या मुलांपेक्षा जास्त मॅचेस खेळतात. रिक्रूटर मूर्ख नसतात. बॉइडच्याच ड्राफ्टमध्ये चौथा गेलेला मार्कस बॉन्टेम्पेली पुढे बुलडॉग्जचा कॅप्टन झाला. २००१चा पहिला ल्यूक हॉज चार वेळा विजेता ठरला, तिसऱ्या ख्रिस जडने दोनदा ब्राउनलो मेडल, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. पण त्याच २००१मध्ये ३६वा होता सॅम मिचेल आणि ५८वा डेन स्वान. ब्राउनलो त्यांनीही पटकावलं.

याचा अर्थ एवढाच की नंबर हा आजच्या माहितीवर लावलेला उद्याचा अंदाज असतो. आणि अठराव्या वर्षी माहिती फार कमी असते. एकाच वर्षाच्या ड्राफ्टमध्ये जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला शेजारी उभे असतात. वयात अकरा महिन्यांचा फरक, म्हणजे त्या वयात खांद्यांत, दमात, आत्मविश्वासात किती फरक! कुणाची उंची सतराव्या वर्षी थांबते, कुणी विशीत भरतो. शिवाय कुठल्या क्लबात पडलो, कोच कसा भेटला, गुडघा टिकला का, हे तर कुठल्याच टेस्टमध्ये येत नाही.

२०२०मध्ये तर कोविडमुळे व्हिक्टोरियाच्या अठरा वर्षांखालच्या लीगचा मोसमच झाला नाही. ड्राफ्ट तरीही झाला, आदल्या वर्षीचं खेळणं आणि जुने व्हिडिओ बघून. परीक्षा न होता निकाल लागतो तेव्हा कसं वाटतं, हे २०२१च्या आपल्या बारावीच्या बॅचला विचारा.

आणि काहींना खूप उशिरा बोलावणं येतं. मार्लियन पिकेटने तरुणपणी तुरुंगवास भोगला होता. बाहेर आल्यावर तो पर्थकडच्या लीगमध्ये खेळत राहिला. २०१९च्या मोसमाच्या मधल्या ड्राफ्टमध्ये रिचमंडने त्याला घेतलं तेव्हा तो २७ वर्षांचा होता. त्याची एएफएलमधली पहिलीवहिली मॅच होती त्याच वर्षीची फायनल. रिचमंडने ती ८९ गुणांनी जिंकली.

पहिला येण्याची किंमत

मागे राहिलेल्यांच्या गोष्टी आपल्याला आवडतात. पण मला जास्त विचार करायला लावते ती टॉम बॉइडची. तो तर जिंकला होता ना? पहिला नंबर, मोठा करार, फायनलमध्ये तीन गोल. तरी २०१७मध्ये त्याने नैराश्यामुळे खेळातून ब्रेक घेतला आणि मे २०१९मध्ये निवृत्ती जाहीर केली. शरीर थकलं होतं, मन त्याहून जास्त. खेळायची इच्छाच उरली नव्हती. वय फक्त २३. कराराची वर्षं आणि पैसे दोन्ही शिल्लक होते. त्यानंतर तो मानसिक आरोग्याबद्दल मोकळेपणाने बोलतोय.

निवडणाऱ्यांनी त्याच्याबद्दल सगळं मोजलं होतं आणि खेळाडू म्हणून त्यांचा अंदाज काही वेडावाकडा नव्हता. पण एकोणिसाव्या वर्षी अख्ख्या देशाने लावलेला भाव खांद्यावर घेऊन रोज सकाळी उठणं कसं असतं, याची टेस्ट कंबाइनमध्ये नाही. आपल्याकडच्या प्लेसमेंटमध्येही नाही. पहिल्या दिवशी सगळ्यात मोठं पॅकेज घेतलेल्या मित्राला आपण पार्टी मागतो, ‘बरा आहेस ना?’ हे विचारायचं राहून जातं. आणि शेवटपर्यंत नाव न आलेल्या मित्राला नेमकं काय म्हणावं हे न कळून आपण त्याचा फोनच टाळतो.

गल्लीतल्या टीमची एक गोष्ट मात्र भारी होती. नंबर कितवाही लागो, पहिला बॉल पडला की कोणाला कितव्यांदा घेतलं होतं ते कुणाच्याच लक्षात राहायचं नाही. शेवटच्या ओव्हरमध्ये लिंबूटिंबूने कॅच घेतला की तोच हिरो. फक्त त्याला फील्डिंगला उभं करावं लागायचं.

तुमच्या बॅचमध्ये सध्या कोण चपलेने माती उकरत उभं आहे? आणि पहिला गेलेला तो कसा आहे? आज दोघांनाही एक फोन करून बघा.